लिनमधली एक छोटी सनदी शाळा: पटावर कोण, आणि गुण कशाचे

बॉस्टनच्या उत्तरेला समुद्रकाठी लिन नावाचे जुने कामगारांचे शहर आहे. एकेकाळी तिथे जोड्यांचे कारखाने होते. अमेरिकेचे पहिले जेट इंजिन १९४२ मध्ये तिथल्याच जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात तयार झाले. कारखान्यांची भरभराट ओसरली आणि स्वस्त घरभाड्यामुळे बाहेरून आलेली कुटुंबे तिथे स्थिरावली: डॉमिनिकन रिपब्लिकमधली, ग्वाटेमालातली, कंबोडियातली. या शहरात २००४ च्या शरद ऋतूत किप अकॅडमी लिन ही पाचवी ते आठवीची शाळा सुरू झाली. एका इयत्तेत साधारण ८० ते ९० मुले, म्हणजे आपल्याकडच्या दोन तुकड्यांएवढा पट. एवढ्या लहान शाळेबद्दल जितका काटेकोर अभ्यास झाला आहे तितका क्वचितच एखाद्या शाळेच्या वाट्याला येतो. म्हणूनच छोट्या सनदी शाळेची कामगिरी कशी वाचावी, हे समजून घ्यायला ती फार उपयोगी आहे.

सनदी शाळा, म्हणजे तिथली चार्टर स्कूल, ही खासगी शाळा नव्हे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने या शाळांना वाट मिळाली. फी नसते, पैसा सरकारी असतो आणि मुलाच्या मागोमाग शहराच्या शाळाखात्याकडून सनदी शाळेकडे जातो. कारभार मात्र स्वतंत्र मंडळाचा. शिक्षक कोण नेमायचे, दिवस किती तासांचा ठेवायचा, हे शाळा ठरवते. सनद पाच वर्षांची असते. काम बरे नसेल तर राज्य ती काढून घेऊ शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे परीक्षा घेऊन मुले निवडता येत नाहीत. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की जाहीर सोडत काढावी लागते.

किप ही साखळी १९९४ मध्ये ह्यूस्टनमध्ये माइक फाइनबर्ग आणि डेव्हिड लेव्हिन या दोन तरुण शिक्षकांनी सुरू केली. तिच्या पद्धतीला तिकडे 'नो एक्स्क्यूझेस' म्हणतात: मूल कुठल्याही घरातून आलेले असो, सबब चालणार नाही. लिनमध्ये शाळेचा दिवस सकाळी साडेसातला सुरू होऊन संध्याकाळी पाचला संपायचा. वर्ष ऑगस्टमध्येच सुरू व्हायचे, मधले काही शनिवारही भरायचे. भर वाचन आणि गणितावर. वर्गात हाक मारल्याशिवाय बोलायचे नाही, एका वर्गातून दुसऱ्यात रांगेने जायचे. चांगल्या वागणुकीबद्दल आणि कामाबद्दल मुलांना 'पगार' मिळायचा, म्हणजे गुणांचा हिशेब. तो सहलीसारख्या गोष्टींवर खर्च करता यायचा. शिक्षक शहराच्या इतर शाळांतल्यांपेक्षा खूपच तरुण होते.

अशा शाळेचे निकाल चांगले आले की दोन प्रकारची माणसे लगेच बोलतात. एक म्हणतात, पद्धत सिद्ध झाली. दुसरे म्हणतात, निवडक मुले घेतली की निकाल चांगला लागणारच. नुसता निकालाचा तक्ता पाहून यातले कोण बरोबर हे सांगता येत नाही. त्यासाठी मुले शाळेत येण्याच्या आदल्या दिवशी कोण होती, हे आधी पक्के करावे लागते.

सोडतीचा हिशेब

२००४ मध्ये शाळा नवीन होती आणि जागा रिकाम्या राहिल्या. सोडतीची वेळच आली नाही, त्यामुळे त्या वर्षीच्या मुलांशी तुलना करायला कोणी उरले नाही. वर्षभरात शहरात बोलबाला झाला आणि २००५ मध्ये पाचवीच्या सुमारे ९० जागांसाठी २०० हून जास्त अर्ज आले. जोशुआ अँग्रिस्ट, सुझन डायनार्स्की, थॉमस केन, पराग पाठक आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या संशोधकांनी २००५ ते २००८ या चार वर्षांच्या सोडती अभ्यासाला घेतल्या.

आधी सोडतीत खरोखर कोण होते ते वेगळे काढले. शाळेत आधीच भाऊ किंवा बहीण असेल तर मुलाला थेट प्राधान्य मिळते; त्याचा प्रवेश नशिबावर नसतो. म्हणून अशी भावंडे हिशेबाबाहेर ठेवली. पहिल्यांदाच अर्ज करणारी आणि आधीची माहिती उपलब्ध असलेली मुले उरली ४४६. यांपैकी ३०३ जणांना जागा देऊ केली गेली, १४३ जणांना नाही.

जागा मिळालेल्या ३०३ पैकी प्रत्यक्ष शाळेत गेली २२१ मुले, म्हणजे ७३ टक्के. उरलेल्यांनी जागा सोडली. आणि जागा न मिळालेल्या १४३ पैकी ५ जण कुठल्या ना कुठल्या वाटेने शाळेत पोहोचलेच. पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज केला, धाकट्या भावंडाला जागा लागली, अशा वाटा असतात. सोडतीचा कुठलाही अभ्यास करताना हे दोन आकडे सगळ्यात आधी मागावेत. सोडत जिंकणे आणि शाळेत शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढचा सगळा हिशेब त्या फरकावर उभा आहे.

पुढच्या इयत्तेतले परीक्षेचे गुण ४४६ पैकी ३७१ मुलांचे सापडले. बाकीची राज्याबाहेर किंवा खासगी शाळेत गेली असतील, तर सरकारी परीक्षेत ती दिसत नाहीत. इथे फसगत होऊ शकते. हरलेल्यांतली हुशार मुले खासगी शाळेत निघून गेली, तर मागे उरलेले हरलेले उगाच कमकुवत दिसतील आणि शाळा उगाच मोठी. म्हणून दोन्ही बाजूंची गळती मोजून पाहायची. जिंकलेल्या ३०३ पैकी २५३ चे गुण मिळाले, म्हणजे ८३.५ टक्के. हरलेल्या १४३ पैकी ११८ चे, म्हणजे ८२.५ टक्के. दोन्हीकडे गळती जवळजवळ सारखी. निदान संख्येवरून तरी इथे घोळ दिसत नाही.

आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांची सोडत दरवर्षी निघते, त्यामुळे ही कल्पना महाराष्ट्रातल्या पालकांना नवी नाही. पण आपल्याकडे चर्चा होते ती नंबर लागलेल्यांची. लिनमध्ये काहीही सिद्ध करता आले ते नंबर न लागलेल्या मुलांची यादी जपून ठेवल्यामुळे आणि प्रत्येक मुलाला राज्याने दिलेला एकच क्रमांक शाळा बदलली तरी तोच राहिल्यामुळे.

पटावरची मुले

निवडक मुले घेतल्याच्या आरोपाची तपासणी इथे सुरू होते. लिनच्या सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांत ४१.८ टक्के हिस्पॅनिक आणि १७.३ टक्के कृष्णवर्णीय होती. सोडत जिंकलेल्यांत हिस्पॅनिक ५१.० टक्के आणि कृष्णवर्णीय २५.७ टक्के. मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र मुले शहरात ७७.० टक्के, जिंकलेल्यांत ८१.४ टक्के. मुलींचे प्रमाण ४८.० आणि ४९.४ टक्के, म्हणजे सारखेच. चौथीच्या परीक्षेतले गणिताचे गुण राज्याची सरासरी शून्य धरली तर शहरात उणे ०.३०७ आणि जिंकलेल्यांत उणे ०.२९०, भाषेचे उणे ०.३५६ आणि उणे ०.३८६. हे माप प्रमाणित विचलनात, म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात त्या एककात आहे: उणे ०.३ म्हणजे राज्यातल्या १०० मुलांत साधारण ३८ वा नंबर, खालून.

वंश, गरिबी किंवा आधीचे गुण, कुठल्याही मोजमापावर ही शाळा शहरातली वरची साय काढून घेत नव्हती. उलट गरीब आणि अल्पसंख्य मुलांचे प्रमाण तिथे जरा जास्तच होते. तरी आरोप पूर्ण मिटत नाही, कारण अर्ज भरणारे पालक हे अर्ज न भरणाऱ्या पालकांपेक्षा वेगळे असतात आणि ती जागरूकता कुठल्याच रकान्यात मावत नाही. यावर उपाय एकच: अर्ज भरलेल्यांची तुलना अर्ज भरलेल्यांशीच करायची. दोन्ही घरच्या पालकांनी अर्ज भरला आहे. फरक चिठ्ठीचा आहे.

आता एक बारीक गोष्ट, जिच्याकडे घाईत दुर्लक्ष होते. 'विशेष गरजा' आणि 'इंग्रजी शिकत असलेला' हे शिक्के शाळा देते आणि शाळाच काढते. सनदी शाळा एखाद्या मुलाला लवकर साध्या गटात टाकू शकते. मग तिच्या पटावर विशेष गरजांची मुले कमी दिसतात आणि लोक म्हणतात, ही शाळा अशा मुलांना घेतच नाही. मुले तीच असतात, शिक्का गेलेला असतो. म्हणून गट ठरवताना चौथीतला, म्हणजे प्रवेशाआधीचा शिक्का धरायचा. प्रवेशानंतरचा धरला तर शाळेच्या कामाचाच परिणाम मुलांच्या ओळखीत मिसळतो.

गुणांचा हिशेब

राज्याची परीक्षा एमकॅस. २००६ पासून तिसरी ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेत भाषा आणि गणित दोन्हीची होऊ लागली, म्हणून या मुलांचा माग सलग काढता आला.

हरलेल्या मुलांचे पुढच्या वर्षीचे गणिताचे सरासरी गुण उणे ०.३५८. जिंकलेल्यांचे उणे ०.००३. म्हणजे हरलेली मुले राज्यात शंभरांत ३६ व्या जागेवर राहिली आणि जिंकलेली ५० व्या जागेपाशी पोहोचली. फरक ०.३५५. पण हा फरक शाळेचा नव्हे, जागा देऊ केल्याचा आहे. जिंकलेल्यांतली काही मुले गेलीच नव्हती आणि हरलेल्यांतली काही गेली होती. गुण मिळालेल्या ३७१ मुलांपुरते पाहिले तर जिंकलेल्यांत ७८.७ टक्के शाळेत गेली, आणि हरलेल्यांशी तुलना करता जाण्याचे प्रमाण ०.७४१ ने जास्त होते. तेव्हा ०.३५५ ला ०.७४१ ने भागायचे: ०.४८. चिठ्ठी लागली म्हणूनच जी मुले शाळेत गेली, त्यांच्यासाठी वर्षभर शाळेत असण्याचा परिणाम हा.

भाषेत तसाच फरक ०.११३ होता, पण त्याची अनिश्चितता, म्हणजे निव्वळ योगायोगाने होऊ शकणारी हालचालही जवळपास तेवढीच. पहिल्या वर्षीच्या भाषेच्या आकड्यावरून शाळेला श्रेय किंवा दोष देणे चुकीचे ठरेल.

गणितातही सावध राहण्याचे एक कारण आहे, आणि ते छोट्या शाळेच्या अभ्यासात हमखास भेटते. चिठ्ठ्या ३७१ च असल्या की नशीब दोन्ही बाजूंना अगदी सारखी मुले वाटत नाही. जिंकलेली मुले चौथीतच गणितात हरलेल्यांपेक्षा ०.१०२ ने पुढे होती. या फरकाची अनिश्चितता ०.१२० आहे, म्हणजे तो निव्वळ योगायोग असू शकतो, पण योगायोगाने आलेले गुणही बेरजेत येतातच. ढोबळपणे तो पूर्ण वजा केला तर ०.३५५ चे ०.२५३ उरतात आणि भागाकार ०.३४ येतो. संशोधकांनी हेच काम नीट केले, आधीचे गुण आणि बाकी माहिती हिशेबात घेतली, सगळ्या इयत्तांचे निकाल एकत्र पाहिले. शाळेत काढलेल्या दर वर्षामागे गणितात ०.३६ आणि वाचनात ०.१२ असे त्यांचे उत्तर आले. ०.४८ हा आकडा जास्त आकर्षक दिसतो. विश्वासाचा आकडा ०.३६ चा आहे. एका वर्षात एवढी वाढ शिक्षणक्षेत्रात खूप मोठी मानली जाते.

फायदा कोणाचा झाला

किपवर सगळ्यात जुना आरोप असा की ही साखळी विशेष गरजांच्या आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलांना फारसे घेत नाही. तो हवेतला नव्हता. २०१० मध्ये मॅथेमॅटिका या संशोधन संस्थेने देशभरातल्या २२ किप माध्यमिक शाळा तपासल्या, तेव्हा या दोन गटांची मुले आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा तिथे कमी आढळली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या किप शाळांवरचा २००८ चा एक अभ्यास तर सांगतो की २००३ मध्ये पाचवीत आलेल्यांपैकी ६० टक्के मुले आठवी पुरी व्हायच्या आत शाळा सोडून गेली. अशा गळतीनंतर आठवीचा निकाल कितीही झळाळला, तरी तो मागे उरलेल्यांचा निकाल असतो. लिनच्या अभ्यासात ही अडचण टळते, कारण एकदा चिठ्ठी लागलेले मूल नंतर शाळा सोडून गेले तरी ते जिंकलेल्यांच्याच रकान्यात मोजले जाते. सोडून गेलेल्यांचे गुण शाळेच्या खात्यातून गुपचूप गळत नाहीत.

लिनमध्ये गटवार पाहिल्यावर आरोपाच्या नेमके उलट चित्र निघाले. सर्वांत जास्त फायदा झाला तो चौथीत विशेष गरजांचा किंवा इंग्रजी शिकणाऱ्याचा शिक्का असलेल्या आणि चौथीत मागे असलेल्या मुलांना. वाचनातली सरासरी वाढ तर जवळपास पूर्णपणे विशेष गरजांच्या आणि इंग्रजी शिकणाऱ्या या दोन गटांचीच. त्यांचे वाचनाचे गुण दर वर्षामागे सुमारे ०.३५ ने वाढले. आधीच बरे वाचणाऱ्या मुलांना वाचनात फारसे काही मिळाले नाही.

हे का व्हावे? आमच्या मते उत्तर वेळापत्रकात आहे. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीचा सराव शाळेतच होतो. साडेसात ते पाच अशी शाळा म्हणजे रोज साडेनऊ तास त्या भाषेत राहणे. सरकारी शाळेतून दुपारी घरी गेलेल्या मुलाचे तेच तास दुसऱ्या भाषेत जातात. ज्याच्या घरीच इंग्रजी पुस्तके आहेत, त्याला या जादा तासांतून तेवढे नवे मिळत नाही. हा आमचा तर्क आहे. चिठ्ठी सगळ्या शाळेचा एकत्रित परिणाम सांगते, त्यातला तासांचा वाटा किती आणि शिस्तीचा किती हे ती वेगळे करून देत नाही.

वाचताना लोक कुठे चुकतात

एका इयत्तेत ८० मुले असली की एक मूल म्हणजे १.२५ टक्के. दोन कुटुंबे गाव सोडून गेली तरी अडीच टक्क्यांचा फरक दिसतो आणि कोणीतरी लिहितो, शाळेतले हिस्पॅनिक मुलांचे प्रमाण घसरले. गुणांचेही तसेच. ८० मुलांच्या सरासरीत योगायोगाची हालचाल सुमारे ०.११ असते (१ भागिले ८० चे वर्गमूळ). गट १० मुलांचा असेल तर ती ०.३२ होते. म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या १० मुलांची एका वर्षाची सरासरी वर गेली की खाली आली, याला अर्थ नाही. चार वर्षांच्या सोडती एकत्र केल्या नसत्या तर लिनमध्येही गटवार काही सांगता आले नसते. १० पेक्षा कमी मुले असलेल्या गटाचे निकाल राज्य छापतच नाही, त्यामुळे छोट्या शाळेच्या तक्त्यात रिकाम्या चौकटी दिसतात. त्या शून्य समजून बेरीज करणारे लोकही भेटतात.

गरिबीच्या आकड्यात तर मोठी मेख आहे. जुना आकडा मोफत किंवा सवलतीच्या जेवणाचा: केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत सवलत. पुढे अनेक शाळांत सगळ्यांनाच मोफत जेवण मिळू लागले आणि अर्ज गोळा करणे बंद झाले. तेव्हा २०१४-१५ पासून मॅसॅच्युसेट्सने सरकारी मदतयोजनांच्या नोंदींवरून मोजणी सुरू केली. नवी व्याख्या अरुंद होती, म्हणून कागदावरची गरिबी एका वर्षात घटली. २०२१-२२ मध्ये व्याख्या पुन्हा बदलली. कुठल्याही शाळेचा २००८ आणि २०१६ चा गरिबीचा आकडा शेजारी ठेवून 'आता बऱ्या घरची मुले येऊ लागली' असे म्हणणाऱ्याला आधी हे विचारावे की दोन्ही वर्षी एकच माप वापरले का. गुणांच्या मालिकेतही असेच तुकडे आहेत: २०१७ मध्ये एमकॅसचे स्वरूप बदलले आणि २०२० मध्ये महामारीमुळे परीक्षाच झाली नाही.

'किती टक्के मुले प्रावीण्य पातळीवर' हा वर्तमानपत्रांचा आवडता आकडा अशा शाळेवर अन्याय करतो. एमकॅसमध्ये चार पातळ्या होत्या आणि सगळ्यात खालच्या पातळीला 'इशारा' म्हणत. लिनच्या शाळेचे बरेचसे काम मुलांना त्या पातळीतून बाहेर काढण्याचे. इशाऱ्यातून 'सुधारणा हवी'मध्ये आलेले मूल प्रावीण्याच्या टक्केवारीत कुठेच दिसत नाही. सरासरी गुण मागावेत आणि चारही पातळ्यांची विभागणी मागावी.

आणखी एक गोष्ट त्याच वर्गात पुन्हा बसवण्याची. मॅथेमॅटिकाच्या अभ्यासात किप शाळा, विशेषतः पाचवी आणि सहावीत, मुलांना जास्त प्रमाणात मागे ठेवताना दिसल्या. पाचवीची परीक्षा दुसऱ्यांदा देणारे मूल त्या इयत्तेची सरासरी वर नेते. इयत्तेऐवजी प्रवेशाच्या वर्षाप्रमाणे मुलांचा माग ठेवला तरच हे उघडे पडते.

लिनच्या आकड्यांची मर्यादा

हे सगळे आकडे अर्ज केलेल्या कुटुंबांचे आहेत. ज्या घरी सोडतीची बातमीच पोहोचली नाही, त्या घरच्या मुलाला ही शाळा किती लाभली असती, हे लिनच्या चिठ्ठ्या सांगू शकत नाहीत. राज्याने २०१० च्या कायद्यात कमकुवत निकालाच्या शहरांमध्ये सनदी जागांची मर्यादा वाढवली, आणि वंचित मुलांना शोधून आणण्याची व टिकवण्याची योजना शाळांना सक्तीची केली, ती याच दुखण्यावर बोट ठेवून. पण २०१६ मध्ये आणखी सनदी शाळांचा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला तेव्हा सुमारे ६२ टक्के लोकांनी नको म्हटले. सनदी शाळांकडे जाणारा पैसा शहराच्या शाळांच्या तिजोरीतून जातो, ही भीती त्यामागे होती. तीही खरी आहे, कारण वर्गातून चार मुले गेली म्हणून शिक्षकाचा पगार किंवा इमारतीचे हीटिंग कमी होत नाही.

शाळांची संख्या वाढली की गुणवत्ता पातळ होते का, याचे उत्तर मात्र बॉस्टनमध्ये मिळाले. २०१० नंतर तिथल्या चांगल्या सनदी माध्यमिक शाळांनी नव्या शाखा काढल्या आणि सनदी शाळांतल्या मुलांचा वाटा दुप्पट झाला. सारा कोहोड्स, एलिझाबेथ सेट्रेन आणि वॉल्टर्स यांनी त्या शाखांच्या सोडती याच पद्धतीने तपासल्या. नव्या शाखांचा परिणाम मूळ शाळांच्या तोडीचाच निघाला. लिनच्या शाळेने स्वतः २०११ मध्ये पुढची पायरी घेतली: आठवीनंतर मुले पुन्हा पांगू नयेत म्हणून हायस्कूलचे वर्ग सुरू केले.